घर अर्पिताचं, शब्द दमयंतीचा

करावे गावात आमच्या भिंतीला भिंत लागून दमयंतीआत्यांचं घर आहे. त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. माहेर आणि सासर एकाच आळीत, त्यामुळे त्यांच्या लग्नात वरात काढायची तरी कुठून कुठे, यावरच म्हणे वाद झाला होता. मी या घरात आले तेव्हा त्या नेरूळच्या मार्केटात मासळी विकायच्या. खाडीतली निवटी, बोईट, कधी चिंबोरी. पुढे गुडघे गेले आणि पाटी सुटली. गिऱ्हाइकाशी वागायची सवय मात्र राहिली. समोरच्याने काही मागितलं की आधी तोंडावर "नाय" म्हणायचं, आणि तो हिरमुसला की हवं ते देऊन टाकायचं. मार्केटात हे खपून गेलं. घराच्या व्यवहारात खपलं नाही.

घर म्हणजे त्यांचं राहतं घर नव्हे. त्यांची एकुलती एक मुलगी अर्पिता नर्स झाली, बेलापूरच्या एका इस्पितळात लागली आणि कर्ज काढून तिने कामोठ्याला वन बीएचके घेतला. ताबा मिळाला त्याच वर्षी तिला आयर्लंडची नोकरी लागली. इकडे हप्ते चालू, राहायला कोणी नाही. म्हणून घर भाड्याने द्यायचं ठरलं. जाण्याआधी अर्पिताने आईच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दिलं. करार करायचा, सोसायटीत जायचं, काही मोडलं-फुटलं तर बघायचं, सगळं तिच्या वतीने आत्यांनी. आत्यांचे यजमान रामचंद्रमामा तेव्हा होते. ते म्हणाले, "पोरगी तिकडं, घर इकडं, आनि सही हिची. उद्या कोन काय इचारील तर उत्तर कोन देनार?" सगळे हसले होते.

भाडेकरू एजंटने आणला. शहाजी नाव. सांगोल्याकडचा, तिशी ओलांडलेला, स्वतःचा टेम्पो चालवायचा. सकाळी वाशीच्या भाजी मार्केटातून माल उचलायचा आणि पनवेलपर्यंत दुकानांना पोचवायचा. बरोबर बायको, लहान मुलगी आणि आई, बयाबाई. अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी, सगळं रीतसर झालं. अकरा महिने संपले की नवा करार. अशी तीन-चार वर्षं गेली. भाडं दर महिन्याला अर्पिताच्या खात्यात जायचं, कधी एक दिवस उशीर नाही. तिच्या तिकडच्या मैत्रिणींचे भाडेकरू पैसे बुडवायचे, घर नासवायचे. अर्पिता फोनवर म्हणायची, "आपलं नशीब बघ आई." आत्या कधीमधी कामोठ्याला जायच्या तेव्हा बयाबाई त्यांना बसवून घ्यायच्या, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या. आत्या जाताना सुका जवळा न्यायच्या. बयाबाई माळकरी. त्या जवळा घ्यायच्या, आणि आत्या गेल्या की शेजारणीला देऊन टाकायच्या, हे आत्यांना फार पुढे कळलं.

मधे शहाजीची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. त्याने कारण सांगितलं नाही आणि आत्यांनी विचारलं नाही.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. रामचंद्रमामांना ताप भरला, चौथ्या दिवशी धाप लागली. ॲम्ब्युलन्स मिळेना. माझे मिस्टर आणि मी, आम्ही दोघंही घरात तापाने पडलेलो. आळीतली दारं बंद. आत्यांनी फोनमधले नंबर एकेक करून लावले, आणि कोणी उचलला तर तो शहाजीने. त्याच्या टेम्पोला भाजीचा पास होता. त्याने मागच्या पाट्या-क्रेट उतरवून टाकली, गादी घातली आणि मामांना उचलून आत ठेवलं. खाट मिळेपर्यंत त्याने तीन इस्पितळं केली. शेवटी वाशीला जागा मिळाली.

मामा आत गेले ते गेलेच. पण ते कळायच्या आधी, बाहेर फुटपाथवर बसल्या बसल्या आत्या शहाजीला म्हणाल्या होत्या, "तू माझा पोरगाच हायस. त्या घरात किती राहायचा तितका राहा. तुला कोन उठ म्हननार नाय." शहाजीने फक्त मान हलवली होती आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली होती.

अंत्यसंस्कार अर्पिताने फोनवर पाहिले. फोन धरला होता शहाजीने.

त्याच सुमारास करार संपला होता. तो नवा करायचा राहिला. आधी सगळं बंद होतं म्हणून, आणि नंतर कोणाला विषय काढावासा वाटला नाही म्हणून. ज्याने बापाला खांदा दिला त्याला स्टॅम्पपेपर दाखवायचा कसा? भाडं येत होतं. अर्पितानेही म्हटलं, "राहू दे, बघू पुढे." पुढे कोणी बघितलं नाही.

बघायची वेळ आली ती दोन वर्षांनी. अर्पिता आणि तिचा नवरा तिकडे घर घेत होते. इकडचं विकून त्यात घालायचं असं त्यांचं ठरलं. तिने आईला सांगितलं, "शहाजीदादांना जागा बघायला सांग. घाई नाही, सहा महिने घेऊ देत."

आत्या मला बरोबर घेऊन गेल्या. असल्या बोलण्याला त्यांना कोणीतरी सोबत लागायचं. नेरूळहून पनवेलच्या बसने हायवेला उतरायचं, पुढे रिक्षा. त्या दिवशी बयाबाई हॉलमधल्या कॉटवर होत्या. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, पण त्या उठत नव्हत्या. शहाजीने चहा केला. आत्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि मग सांगितलं.

"मावशी, तुमचं बरोबर आहे," शहाजी म्हणाला. "पोरीचं घर, पोरीनं विकावं. आई जरा चालायला लागू द्या, मी बघतो."

बयाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. तो म्हणाला, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाल्यावर म्हणाला, जागा बघतोय, पण मिळत नाही. ते खरंही असावं. "एकटा माणूस आणि अंथरुणावरची म्हातारी म्हटलं की एजंट फोनच ठेवतो, मावशी. एकानं तोंडावर विचारलं, म्हातारी आमच्याच घरात गेली तर पुढं भाडेकरू कोण येणार? तुम्हीच सांगा, काय सांगू त्याला?"

परतताना बसमध्ये आत्या एवढंच म्हणाल्या, "तो बोलतो तवा मना त्याचा पटतो. पोरगी बोलते तवा तिचा पटतो. माझी मती ऱ्हायलीच नाय."

अर्पिताने तिकडून एक गिऱ्हाईक ठरवलं. खारघरचं जोडपं, घर बघायला आलं. दार शहाजीने उघडलं. नाही कशाला म्हणाला नाही, हवं ते दाखवलं. फक्त हॉलमधली कॉट हलवली नाही. बयाबाईंच्या पायाशी बेडपॅन होतं, खोलीत डेटॉलचा आणि लघवीचा वास. त्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. नवऱ्याने विचारलं, "आजी इथेच राहणार?" शहाजी म्हणाला, "आता कुठं जाणार ती?" जोडपं खाली उतरलं ते उतरलंच. दुसऱ्या दिवशी नको म्हणून निरोप आला. भाडेकरू असलेलं घर आम्हाला नको, असं.

त्या रात्री अर्पिता आईवर पहिल्यांदा चिडली. स्पीकर चालू होता, मी शेजारी बसून लसूण सोलत होते.

"तू तिथे जातेस आणि चहा पिऊन येतेस, आई. मी इथे डबल शिफ्ट करतेय. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया मी धुते-पुसते, मला काय कळत नाही का त्यांचं? पण मी काय धर्मशाळा काढलीय?"

"त्यानं तुझ्या बापाला नेला."

"मला माहीत आहे त्यांनी बाबांना नेलं. मी आले नाही, येऊ शकले नाही, ते आयुष्यभर माहीत असणार आहे मला. म्हणून घर देऊन टाकू?"

आत्यांनी माझ्यापुढचा लसूण ओढून सोलायला घेतला.

सोसायटीचंही सुरू झालं. सेक्रेटरी केतन, पस्तिशीचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून फिरणारा. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट फाईलला हवी असायची. "काकी, तुमचा टेनंट रेकॉर्डवरच नाही. करार नाही, पोलीस व्हेरिफिकेशन संपलेलं. उद्या काही झालं तर पहिलं टेन्शन तुम्हाला, दुसरं मला. तुमची मुलगी परदेशात, ती येणार आहे का उत्तर द्यायला?" मला मामांचं वाक्य आठवलं. आत्यांना आठवलं की नाही, मी विचारलं नाही.

शेवटी पनवेलच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. करार संपून गेल्यावरही माणूस राहिला तर त्याला काढायचा अर्ज करता येतो, म्हणाल्या. पण करार संपून इतकी वर्षं भाडं घेत राहिलात, ते तो धरणार. आधी नोटीस पाठवू.

नोटिशीला शहाजीच्या वकिलाचं उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मालकिणीच्या मुखत्यार दमयंतीबाई यांनी स्वतःच्या तोंडाने, साक्षीदारांसमक्ष, हव्या तितक्या काळ राहण्याची परवानगी दिलेली आहे. सबब हा भाडेकरू कायमचा आहे.

वकीलबाईंनी विचारलं, "असं काही बोलला होतात का तुम्ही?"

"बोलले," आत्या म्हणाल्या.

"कोणी ऐकलं?"

"रस्ता होता. कोनीबी ऐकला असेल."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकी, सुनावणीत हे विचारतील. तेव्हा मला आठवत नाही, एवढंच म्हणा. नवरा आत शेवटच्या घटका मोजतोय, बाई बाहेर बसलीय, तिला काय आठवणार? कोणीही समजून घेईल."

आत्या पदराशी चाळा करत राहिल्या.

आमचा अर्ज दाखल झाला आणि तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला आत्या गुडघ्याला पट्टा बांधून निघायच्या. बाकावर बसायच्या. समोरच्या बाकावर शहाजी बसलेला असायचा, टेम्पोची चावी बोटात फिरवत. पहिल्या तारखेला दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी शहाजीने विचारलं, "गुडघा कसा आहे?" आत्या म्हणाल्या, "तसाच." मग त्यांनी विचारलं, "आई कशी हाय?" तो म्हणाला, "तशीच." वकील दोघांकडे बघत होते.

आत्यांची साक्ष झाली त्या दिवशी मी तिथेच होते. शहाजीच्या वकिलाने सरळ विचारलं, "एप्रिल महिन्यात, वाशीला इस्पितळाबाहेर, तुम्ही यांना म्हणालात की नाही, की किती राहायचं तितकं राहा?"

वकीलबाईंनी आत्यांकडे पाहिलं.

"म्हनाले," आत्या म्हणाल्या. "तो नसता तर माझा नवरा घरातच मेला असता. मी म्हनाले. मनापासून म्हनाले." त्यांनी श्वास घेतला. "पन घर माझा नव्हता. पोरीचा होता. जा घर माझा नाय ता मी कसा देनार?"

त्यांचा आवाज इतका दमलेला होता की लिहून घेणाऱ्याने पुन्हा विचारलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. शहाजी जमिनीकडे बघत होता.

काही महिन्यांनी निकाल लागला. घर खाली करून द्यायचं, महिन्याच्या आत. वकीलबाईंनी फोनवर अभिनंदन केलं. आत्यांनी "बरं" म्हटलं आणि दुपारचं जेवण न करता आडव्या झाल्या. निकाल लागला म्हणून त्यांनी कोणाला पेढा दिला नाही. अर्पिताला मीच कळवलं.

मुदत संपायच्या सुमारास केतनचा फोन आला. "काकी, टेनंट गेला. पण तुम्ही लगेच या."

आम्ही पोचलो तर जिन्यात शेजारणी उभ्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत घर रिकामं. फ्रिज नाही, गॅस नाही, भिंतीवरचं घड्याळ नाही, पंख्याखाली फक्त ती कॉट, आणि कॉटवर बयाबाई. अंगावर धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. उशाशी पाण्याचा तांब्या, गोळ्यांची पिशवी, केळी. कॉटच्या पायाला एक कापडी बोचकं टेकवून ठेवलेलं.

आत्या दारातच थांबल्या. मग आत जाऊन कॉटच्या कडेला टेकल्या. दुसरं बसायला काही नव्हतंच.

"शहाजी कुटं हाय?"

"गेला," बयाबाई म्हणाल्या. "सकाळी न्हाऊ घातलं मला. म्हनला, मावशी येत्यात. तू दुसऱ्या कुनाची वाट बगू नगं, त्या येत्यातच."

"फोन लावला का?" मी विचारलं.

केतन म्हणाला, "बंद येतोय."

त्याने पुढे जे सांगितलं ते सगळं व्यवहाराचं होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. पोलिसांना कळवायचं, पंचनामा करायचा, आजींना आश्रमात हलवायचं, कुलूप बदलायचं. अर्पिताला फोन लावला. ती कामावर होती, दबक्या आवाजात बोलत होती. "आई, ऐक माझं. पोलिसांना सांग. त्यांना घरी घेऊन गेलीस ना, तर तो माणूस परत कधीच येणार नाही. तो त्याच भरवशावर बसलाय."

"माहीत हाय मना."

"मग?"

"मग काय. तिनं लुगड्यात केलंय. आधी ता बघते."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला, शेजारणीकडून बादली मागितली आणि पदर खोचला.

पोलीस आले. हवालदार समजूतदार होते, शहाजीचं नाव-गाव लिहून घेतलं, शोधतो म्हणाले, आश्रमाला फोन लावून बघितला. तिथे जागा व्हायला वेळ लागणार होता. तोवर म्हातारीला कुठे ठेवायचं, असं त्यांनी कोणालाच न विचारता विचारलं. बयाबाई सगळं ऐकत होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. हरिनाम घेत असाव्यात.

आत्या तिथेच राहिल्या. करावेला न्यायचं म्हटलं तर आमच्या आळीत रिक्षाही शिरत नाही, आणि आत्यांच्या घराला जिना. शेजारणीने गादी दिली, मी घरून स्टोव्ह, दोन पातेली, चादरी नेऊन दिल्या. मी शाळेत नोकरीला; तिथून सुटले की रोज डबा घेऊन जायचे. मासळी न घालता स्वयंपाक करायची आठवण आत्या फोन करून द्यायच्या. गंमत अशी की मुलीच्या त्या घरात आत्या कधी एक रात्र राहिल्या नव्हत्या. पहिल्यांदा राहिल्या त्या अशा.

एकदा मी गेले तेव्हा बयाबाईंचं डोकं आत्यांनी उंच केलं होतं आणि चमच्याने पेज भरवत होत्या. बयाबाई मधेच म्हणाल्या, "त्याला श्याप देऊ नगा, बाई. दोन-तीन वर्सं माझं हागमूत काडलं त्यानं. बायकू न्हाई, कुनी न्हाई. शिनलं लेकरू."

"मी कशाला शाप देऊ," आत्या म्हणाल्या. "तोंड उघडा."

पेज संपली. बयाबाईंना झोप लागल्यावर आत्या बाल्कनीत येऊन उभ्या राहिल्या. समोर दुसऱ्या बिल्डिंगची बाल्कनी, तिच्यात वाळत घातलेले गणवेश. "तिला कोन पोरगी-बिरगी हाय काय, इचारला मी," त्या म्हणाल्या. "हाय म्हनते. पुतळा नाव. सांगोल्याच्या पुढं दिलीय. फोन नंबर नाय माहीत."

गावाचं नाव बयाबाईंना नीट सांगता येईना. जावई ऊसतोडीला जातो, घराजवळ म्हसोबाचं देऊळ, एवढंच. मी शाळेतल्या एका सोलापूरच्या सरांना विचारलं, त्यांनी त्यांच्या मेहुण्याला, मेहुण्याने तालुक्यातल्या एका दूधवाल्याला. असं करत करत पुतळाचा नंबर मिळाला. ती म्हणाली, "दादानं तर सांगितलं, आय बरी हाय, चालती-फिरती हाय."

त्याच आठवड्यात शहाजीचा फोन आला. अनोळखी नंबर होता. संध्याकाळची वेळ, मी भांडी घासत होते. आत्यांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, त्या स्पीकरवर टाकतात.

"मावशी, आई जेवली का?"

आत्यांनी मला हाताने नळ बंद करायला सांगितला.

"जेवली."

"गोळ्या घेते का? रात्रीची पांढरी चुकवते ती."

"घेते. कुटं हायस तू?"

मागून गाड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मावशी, मला ठाऊक होतं, तुम्ही तिला रस्त्यावर काढणार नाही."

"म्हनून माझ्या गल्यात टाकलीस?"

"दुसरं कोण होतं सांगा ना. जागा कोणी देईना. आश्रमाच्या दारातून दोनदा माघारी आणली तिला, पाय उचलला नाही माझा. मी दमलो, मावशी. खरंच दमलो."

आत्या भिंतीला टेकल्या. "आनि मी रे?"

आत्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, मार्केटातली बाई, शिव्यांना कमी नव्हती. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने फोन आपोआप बंद झाला. मी म्हटलं, नंबर पोलिसांना देऊ. त्या म्हणाल्या, "दे." मी दिला. पुढे तो नंबर लागला नाही.

हॉलमधून बयाबाईंनी विचारलं, "कोन हुतं?"

"राँग नंबर," आत्या म्हणाल्या.

पुतळा आली ती एका ओळखीच्या जीपने, एकटी. हडकुळी, उन्हाने रापलेली, आत्यांहून वीस वर्षांनी लहान असेल पण तशी वाटत नव्हती. तिने आईच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली, मग उठून आत्यांच्या पाया पडली. आत्यांनी पाय मागे घेतले. जाताना बयाबाईंना जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं, केतन आणि ड्रायव्हरने धरलं. जीपच्या मागच्या सीटवर गादी घातली. पुतळा हात जोडून म्हणाली, "आमचंबी घर दोन खोल्यांचंच हाय, मावशी. मी उसाला गेले की हिच्याकडं कोन बगनार, देव जाने." आत्या म्हणाल्या, "बाई, मना आता नको सांगू." ते त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांच्यात ऐकायची ताकद उरली नव्हती.

जीप वळली आणि आत्या खालच्या पायरीवरच बसल्या. वर जाऊन कुलूप मी लावलं.

पावसाळ्यानंतर अर्पिता आली, तीन आठवड्यांसाठी. रंगाऱ्यांकडून घर रंगवून घेतलं होतं, तरी ती खिडक्या उघडून बराच वेळ उभी राहिली. आम्ही तिघी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून बसलो.

"तू खरंच म्हणाली होतीस त्यांना? राहा म्हणून?"

"हां."

"मला का नाही विचारलंस?"

"तुझा बाप आत होता. तुला काय इचारू?"

अर्पिताने आईचा गुडघा हातात घेतला आणि नर्सच्या सवयीने दाबून बघायला लागली. सूज कुठे आहे, किती आहे. बघता बघता तिचा हात थांबला. "मी असते तर मीही म्हणाले असते," ती म्हणाली. "आणि नंतर मीही त्यांना काढलं असतं."

आत्या म्हणाल्या, "काडलाच की आपन."

घर विकलं गेलं, खारघरच्या नव्हे, दुसऱ्याच एका जोडप्याला. मधे एजंटने सुचवलं होतं की भाव अजून चढेल, तोवर चांगला कंपनीवाला भाडेकरू बघून देतो. अर्पिताने आईकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "दे भाड्यानं. तुझा घर हाय. पन सही दुसऱ्या कोनाची घे." त्यावर तिने विकायचंच ठरवलं. कुलमुखत्यारपत्र रद्द करायला अर्पिताबरोबर आत्या स्वतः गेल्या. तिकडून येताना त्यांनी सीवूड्सला उतरून शेवपुरी खाल्ली, असं अर्पिताने मला सांगितलं.

अर्पिता परत गेली. थंडीत एकदा पुतळाचा फोन आला, बयाबाई गेल्याचा. आत्या पडवीत सुकत घातलेली करदीची मासळी राखत बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, आणि विचारलं, "शहाजी आलता काय?"

पुतळा म्हणाली, आला होता. अग्नी त्यानेच दिला. दिवसकार्य होईपर्यंत थांबला, आणि पुन्हा कुठे गेला ते सांगून गेला नाही.

"बरं," आत्या म्हणाल्या.

मला त्यांनी गरम पाणी काढायला सांगितलं. डोक्यावरून आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला आणि मासळी राखायला मला बसवून आत जाऊन झोपल्या. दुपारची त्यांची झोप म्हणजे डुलकी असते. त्या दिवशी मात्र दिवेलागणीपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि मीही उठवलं नाही.